बक्षीस, मानधन आणि हमी : थकीत रकमांच्या प्रश्नावर व्यावसायिक खेळाडूंचे संघटन

प्रस्तावना

खेळ हे उपजीविकेचे साधन झाल्यापासून खेळाडू आणि आयोजक यांच्यातील संबंधांना आर्थिक व्यवहाराचे स्वरूप प्राप्त झाले. प्रेक्षकांना दिसतो तो बक्षीस समारंभ, विजेत्याच्या हाती दिलेला भला मोठा धनादेश आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेली रक्कम. हा धनादेश केवळ प्रतीकात्मक असतो. प्रत्यक्ष रक्कम त्यानंतर काही आठवड्यांनी, काही वेळा वर्षांनी मिळते आणि काही वेळा मिळतच नाही. जाहीर झालेली आणि प्रत्यक्ष पदरात पडलेली रक्कम यांतील हे अंतर व्यावसायिक क्रीडाक्षेत्रातील एक गंभीर, परंतु तुलनेने दुर्लक्षित प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखात पूल, क्रिकेट आणि फुटबॉल या तीन खेळांतील उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले आहे. रक्कम का थकते, खेळाडूंनी त्याविरुद्ध कोणत्या प्रकारे संघटित प्रयत्न केले आणि त्यांपैकी कोणते उपाय परिणामकारक ठरू शकतात, असे तीन मुद्दे येथे विचारात घेतले आहेत. थकलेली रक्कम वसूल करण्यासाठी केलेले आंदोलन बहुधा अपुरे पडते. खेळ सुरू होण्यापूर्वीच रक्कम सुरक्षित करून घेणे हेच खेळाडू संघटनांचे खरे कार्य ठरते, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

बक्षिसाचे स्वरूप : कृपा की देणे?

मराठीत 'बक्षीस' या शब्दाला देणाऱ्याच्या मर्जीची छटा आहे. बक्षीस खुशीने दिले जाते आणि ते मागणे अप्रशस्त मानले जाते. व्यावसायिक स्पर्धेतील बक्षिसाला मात्र हा अर्थ लागू पडत नाही. आयोजक विशिष्ट क्रमांकासाठी विशिष्ट रक्कम जाहीर करतो, त्या आश्वासनावर विसंबून खेळाडू प्रवेश शुल्क भरतो, प्रवास व निवासाचा खर्च करतो आणि खेळतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ८ नुसार प्रस्तावातील अटींची पूर्तता करणे म्हणजेच त्या प्रस्तावाचा स्वीकार होय. या दृष्टीने पाहता खेळाडूने अट पूर्ण करताच जाहीर केलेली रक्कम हे आयोजकाचे देणे बनते. लीग स्पर्धांतील मानधनाबाबत तर लेखी करारच असतो.

असे असूनही खेळाडूंच्या मागणीकडे अनेकदा कुरकुर म्हणून पाहिले जाते. पैशासाठी खेळणारा खेळाडू म्हणजे खेळाशी प्रतारणा करणारा, ही हौशी क्रीडापरंपरेतून आलेली धारणा पूर्णतः लोपलेली नाही. संघटनेपुढील पहिले काम म्हणूनच वैचारिक स्वरूपाचे असते. मागणी ही याचना नसून हक्क आहे, हे तिला प्रथम स्वतःच्या सदस्यांना आणि नंतर समाजाला पटवून द्यावे लागते.

रक्कम थकण्याची कारणे

रक्कम थकण्यामागे आयोजकाचा अप्रामाणिकपणा हे एकमेव कारण नसते. व्यवहाराच्या रचनेतच काही दोष अंतर्भूत आहेत.

पहिला दोष क्रमाचा आहे. खेळाडूचे श्रम आधी घडतात आणि मोबदला नंतर मिळतो. खेळलेला सामना परत घेता येत नाही. अंतिम फेरी संपताच खेळाडूच्या हातातील दबावाचे साधन संपते. सभागृहाचा मालक भाडे आगाऊ घेऊ शकतो, मुद्रक अनामत मागू शकतो. खेळाडूला मात्र विनातारण कर्ज देणाऱ्या सावकाराची भूमिका नकळत स्वीकारावी लागते.

दुसरा दोष रोकड प्रवाहाचा आहे. प्रक्षेपण हक्क, प्रायोजकत्व आणि तिकीटविक्री यांचे उत्पन्न टप्प्याटप्प्याने येते, तर खर्च आधी करावा लागतो. पुरेसे भांडवल नसलेला आयोजक अपेक्षित उत्पन्नाच्या भरवशावर मोठी रक्कम जाहीर करतो. उत्पन्न कमी पडल्यास ज्या देणेकऱ्याला टाळणे सर्वांत सोपे, त्याचे देणे प्रथम थांबते. परिणामी खेळाडूंचे मानधन हेच आयोजकाचे बिनव्याजी खेळते भांडवल बनते.

तिसरा दोष खेळाडूच्या स्थितीशी निगडित आहे. व्यावसायिक कारकीर्द अल्पकालीन असते. तक्रार करणाऱ्यास पुढील हंगामात निमंत्रण मिळणार नाही, ही भीती रास्त असते. आयोजक एका देशात, खेळाडू दुसऱ्या देशात आणि स्पर्धा तिसऱ्याच देशात असल्यास दाद कोणत्या न्यायालयात मागावी, हाच प्रश्न उभा राहतो. अनेकदा वैयक्तिक दाव्याची रक्कम कायदेशीर लढाईच्या खर्चापेक्षा लहान असते. एकट्या खेळाडूने गप्प बसणे हे त्यामुळे व्यवहार्य ठरते. संघटनेची गरज याच ठिकाणी निर्माण होते.

पूल : मोठ्या घोषणेचा अनुभव

बिलियर्ड्सच्या कुळातील पूल या खेळात प्रावीण्य मिळवूनही स्थिर उत्पन्न मिळविणे कठीण मानले जाते. अशा पार्श्वभूमीवर २००५ मध्ये अमेरिकेत 'इंटरनॅशनल पूल टूर' या मालिकेची सुरुवात झाली. दूरचित्रवाणीवरील विक्री-जाहिरातींमुळे परिचित असलेले केव्हिन ट्रूडो हे तिचे संस्थापक होते. या खेळात तोवर अपवादानेच ऐकू येणारे बक्षिसांचे आकडे जाहीर झाले. जुलै २००६ मध्ये लास व्हेगास येथील स्पर्धेत जर्मनीचा थॉर्स्टन होमन विजेता ठरला; त्याचे बक्षीस ३ लाख ५० हजार डॉलर होते. त्यानंतर सप्टेंबर २००६ मध्ये नेवाडा राज्यातील रिनो येथे झालेल्या वर्ल्ड ओपन स्पर्धेत फिलिपिन्सचे एफ्रेन रेयेस यांनी रॉडनी मॉरिस याचा पराभव करून विजेतेपद मिळविले. प्रथम क्रमांकाचे बक्षीस ५ लाख डॉलर जाहीर झाले होते.

स्पर्धा संपल्यानंतर खेळाडूंना कळविण्यात आले की रक्कम देण्यासाठी पुरेसा निधी उपलब्ध नाही. देणी हप्त्यांनी फेडण्याची योजना पुढे आली आणि मालिका त्या भव्य स्वरूपात पुन्हा उभी राहिली नाही. या मालिकेच्या भरवशावर अनेक खेळाडूंनी आपले आर्थिक नियोजन केले होते. आकडा मोठा असणे आणि आकड्यामागे पैसा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या घटनेने दाखवून दिले.

या अनुभवांचा परिणाम मागण्यांच्या स्वरूपावर झाला. २०११ मध्ये अमेरिकेतील व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने यूएस ओपन नाइन-बॉल स्पर्धेच्या संदर्भात बक्षिसाची रक्कम आधीच एस्क्रो खात्यात ठेवण्याची मागणी लावून धरली. एस्क्रो खाते म्हणजे त्रयस्थाच्या ताब्यातील असे खाते, ज्यातील रक्कम ठरलेली अट पूर्ण झाल्यावरच आणि ठरलेल्या व्यक्तीलाच मिळते. 'थकबाकी द्या' या मागणीकडून 'रक्कम आधी दाखवा' या मागणीकडे झालेले हे संक्रमण महत्त्वाचे आहे. तथापि त्या वर्षीची स्पर्धा पार पडली. वैयक्तिक प्रवेशाच्या खुल्या स्पर्धेत बहिष्काराला मर्यादा असतात. रिकामी जागा घेण्यास दुसरा खेळाडू तयार असतो आणि नामांकित खेळाडूंचा बहिष्कार ही त्याच्या दृष्टीने बक्षिसाच्या जवळ जाण्याची संधी असते.

क्रिकेट : लीगचा विस्तार आणि थकबाकी

२००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीगला मिळालेल्या यशानंतर जगभर वीस षटकांच्या लीग स्पर्धा सुरू झाल्या. त्यांपैकी सर्वांचा आर्थिक पाया सारखा भक्कम नव्हता. क्रिकेटपटूंच्या संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (स्थापना १९९८, २०२४ पासून वर्ल्ड क्रिकेटर्स असोसिएशन) २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार सर्वेक्षणातील ३४ टक्के खेळाडूंना मानधन उशिरा मिळणे किंवा न मिळणे यांपैकी एक अनुभव आला होता.

यापूर्वी ऑगस्ट २०१९ मध्ये कॅनडातील ब्रॅम्प्टन येथे ग्लोबल टी-ट्वेंटी स्पर्धेत टोरांटो नॅशनल्स आणि मॉन्ट्रियल टायगर्स यांच्यातील सामना मानधनाच्या वादामुळे विलंबाने सुरू झाला. टोरांटो संघाचे नेतृत्व युवराजसिंग करत होता. खेळाडूंनी मैदानाकडे जाणाऱ्या बसमध्ये चढण्यास नकार दिला. सामना सुरू होण्यापूर्वी दिलेला नकार परिणामकारक ठरतो, कारण प्रक्षेपणाची वेळ ठरलेली असते आणि प्रत्येक मिनिटाचा तोटा आयोजकाला सोसावा लागतो.

बांगलादेशातील घडामोडी अधिक उद्बोधक आहेत. बांगलादेश प्रीमियर लीग २०१२ मध्ये सुरू झाली आणि पहिल्या वर्षापासूनच थकबाकीच्या तक्रारी पुढे आल्या. २०१४ मध्ये स्पर्धा झालीच नाही. २०१५ मध्ये ती नव्या संघमालकांसह पुन्हा सुरू करावी लागली. पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये शाकिब अल हसनसह देशातील आघाडीच्या क्रिकेटपटूंनी संप पुकारला. त्यांच्या ११ मागण्यांमध्ये ढाका प्रीमियर लीगमधील मानधन वेळेवर मिळावे, या मागणीचा समावेश होता. खेळाडूंच्या प्रचलित संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी पायउतार व्हावे, हीही एक मागणी होती. नियामक मंडळाच्या निकट असलेली संघटना मंडळाकडे खेळाडूंची बाजू मांडू शकत नाही, असा तिचा आशय होता. बहुतांश मागण्या मान्य झाल्यावर दोन दिवसांत संप मिटला. संघटना अस्तित्वात असणे पुरेसे नाही, ती स्वतंत्र असणेही आवश्यक आहे, हा या संपाचा बोध होय.

संप मिटला तरी रोग मुळापासून बरा झाला नाही. जानेवारी २०२५ मध्ये दुर्बार राजशाही या संघाच्या खेळाडूंनी मानधन न मिळाल्याने चितगाव येथे सरावावर बहिष्कार टाकला. २६ जानेवारी रोजी संघातील परदेशी खेळाडू रंगपूर रायडर्सविरुद्धच्या सामन्यासाठी मैदानावर उतरलेच नाहीत. स्पर्धेच्या तांत्रिक समितीने विशेष परवानगी दिल्याने राजशाहीचा संघ ११ स्थानिक खेळाडूंसह खेळला आणि त्याने तो सामना २ धावांनी जिंकला. पुढे संघाच्या बसचालकाने भाडे थकल्यामुळे खेळाडूंचे साहित्य अडवून ठेवल्याचेही वृत्त आले.

क्रीडारसिकांच्या दृष्टीने तो विजय रोमहर्षक होता. संघटनेच्या दृष्टीने मात्र तो एका दुखण्याकडे बोट दाखविणारा आहे. परदेशी खेळाडूला अन्य देशांतील लीगचा पर्याय असतो. स्थानिक खेळाडूची निवड, करार आणि पुढील हंगाम त्याच देशातील मंडळाच्या व संघांच्या हाती असतात. त्यामुळे दोघांची थकबाकी एकाच स्वरूपाची असली तरी नकार देण्याची क्षमता समान नसते. परदेशी खेळाडूंचा नकार आणि स्थानिकांची उपस्थिती एकाच दिवशी घडली की आयोजकावरील दबाव आपोआप ओसरतो. सर्वांत कमी पर्याय असलेल्या सदस्याला संरक्षण देऊ न शकणारी संघटना निर्णायक क्षणी दुभंगते.

कोचीचे उदाहरण : हमी कोणासाठी?

हमीची तरतूद केली म्हणजे प्रश्न सुटला, असे वाटणे स्वाभाविक आहे. कोची टस्कर्स केरळ या संघाचे उदाहरण या समजाला छेद देते. हा संघ इंडियन प्रीमियर लीगमध्ये २०११ चा एकच हंगाम खेळला. आवश्यक बँक हमी सादर न केल्याच्या कारणावरून भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने सप्टेंबर २०११ मध्ये संघाचा करार संपुष्टात आणला आणि हाती असलेली हमी वटविली. संघमालकांनी लवादाकडे दाद मागितली. २०१५ मध्ये लवादाने त्यांच्या बाजूने निवाडा दिला आणि जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. या निवाड्यातील रक्कम ५०० कोटी रुपयांहून अधिक आहे.

याच संघाकडून खेळलेले ऑस्ट्रेलियाचे ब्रॅड हॉज यांनी २०२१ मध्ये जाहीरपणे म्हटले की खेळाडूंना दहा वर्षांपूर्वीच्या मानधनापैकी ३५ टक्के रक्कम अद्याप मिळालेली नाही. मंडळ आणि संघमालक यांच्यातील वादाला लवाद होता, वकील होते, निश्चित कार्यपद्धती होती. बँक हमीही होती. परंतु ती मंडळाच्या हितसंबंधांचे रक्षण करणारी होती. खेळाडूंचे देणे हा त्या वादातील पक्षच नव्हता. हमी आहे की नाही यापेक्षा ती कोणाच्या लाभासाठी आहे, ती कोणत्या प्रसंगी वटविता येते आणि मिळालेली रक्कम प्रथम कोणाला द्यावयाची, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.

फुटबॉल : नियमाचे बळ

या पार्श्वभूमीवर फुटबॉलची तुलना उपयुक्त ठरते. त्या क्षेत्रातही प्रश्न मोठा आहे. खेळाडूंच्या 'फिफप्रो' या जागतिक संघटनेने (स्थापना १९६५) २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात ४१ टक्के खेळाडूंनी मागील दोन हंगामांत वेतन उशिरा मिळाल्याचे सांगितले होते. परंतु तेथे संघटनेच्या पाठपुराव्यामुळे नियम बदलले. २०१८ पासून फिफाच्या नियमांनुसार दोन महिन्यांचे वेतन बेकायदेशीरपणे थकल्यास खेळाडू क्लबला १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन करार रद्द करू शकतो. २०२० मध्ये फिफा आणि फिफप्रो यांनी वेतनापासून वंचित राहिलेल्या खेळाडूंसाठी १ कोटी ६० लाख डॉलरच्या निधीची घोषणा केली.

करार रद्द करण्याच्या अधिकाराचे महत्त्व येथे लक्षात घेतले पाहिजे. खेळाडू हे क्लबचे सर्वांत मौल्यवान धन असते. वेतन थकविल्यास ते हातचे जाते, ही जाणीव क्लबला वेळेवर पैसे देण्यास भाग पाडते. काही आठवड्यांत संपणाऱ्या क्रिकेट लीगमध्ये किंवा चार दिवसांच्या पूल स्पर्धेत मात्र या अधिकाराचा उपयोग नाही. नोटिशीची मुदत संपण्यापूर्वीच स्पर्धा संपलेली असते. अल्पकालीन स्पर्धांसाठी म्हणूनच आगाऊ ठेव हाच उपाय शिल्लक राहतो.

महाराष्ट्रातील एक समांतर प्रयोग

अनेक मालक, अल्पकालीन काम आणि मजुरीची अनिश्चितता ही परिस्थिती केवळ खेळाडूंच्या वाट्याला आलेली नाही. बाजारपेठांतील हमाल व माथाडी कामगार याच अवस्थेत होते. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम संमत झाला. त्यानुसार मालक व कामगार या दोहोंची नोंदणी मंडळाकडे होते. मालक मजुरी आणि त्यावरील लेव्ही मंडळाकडे भरतो आणि मंडळ ती कामगाराला देते. एकट्या हमालाने व्यापाऱ्याच्या दारात मजुरीसाठी तिष्ठत उभे राहण्याची पद्धत या रचनेने मोडीत काढली. या व्यवस्थेतही अंमलबजावणीचे दोष आहेत. परंतु तिच्यामागील तत्त्व स्पष्ट आहे. मोबदल्याचा प्रवाह मालकाच्या मर्जीतून काढून त्रयस्थ संस्थेमार्फत वळविणे, हे ते तत्त्व होय. क्रीडाक्षेत्रातील एस्क्रो खात्याची मागणी याहून वेगळी नाही.

भारतातील स्थिती

लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१९ मध्ये इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन ही संघटना स्थापन झाली. तथापि तिचे सदस्यत्व माजी खेळाडूंपुरते आहे. सक्रिय भारतीय क्रिकेटपटूंची संघटना वर्ल्ड क्रिकेटर्स असोसिएशनमध्ये सहभागी झालेली नाही. याचे परिणाम एका घटनेतून दिसून आले. मार्च २०२० मध्ये मेलबर्न येथे झालेल्या महिला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारतीय संघ उपविजेता ठरला आणि संघाला ५ लाख डॉलरचे बक्षीस जाहीर झाले. या रकमेतील वाटा खेळाडूंना वर्षभरानंतरही मिळालेला नसल्याचे मे २०२१ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राने उघड केले. त्यानंतर मंडळाकडून रक्कम देण्याची हालचाल झाली. आर्थिकदृष्ट्या सर्वांत सबळ मंडळाकडूनही विलंब होऊ शकतो आणि खेळाडूंना अधिकृत व्यासपीठ नसल्यास प्रश्न परदेशी वृत्तपत्रातून पुढे यावा लागतो, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

नियमित कामगारांच्या बाबतीत वेतन संहिता, २०१९ नुसार मासिक वेतन पुढील महिन्याचा सातवा दिवस संपण्यापूर्वी देणे बंधनकारक आहे. ही संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. लीग खेळाडूंचे करार मात्र सामान्यतः स्वतंत्र व्यावसायिकाच्या सेवाकराराच्या स्वरूपाचे असल्याने अशा संरक्षणाचा लाभ त्यांना सहजपणे मिळत नाही. क्रिकेटखेरीज अन्य खेळांतील, विशेषतः जिल्हा व राज्य पातळीवरील स्पर्धांवर गुजराण करणाऱ्या खेळाडूंची स्थिती यामुळे अधिक नाजूक राहते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. जाहीर झालेले बक्षीस व करारातील मानधन ही आयोजकाची देणी आहेत. त्यांकडे कृपा किंवा प्रोत्साहन म्हणून पाहणे चुकीचे आहे.

२. खेळाडूचे सामर्थ्य सामन्यापूर्वी असते, सामन्यानंतर नाही. त्यामुळे संघटनेने आपली शक्ती वसुलीपेक्षा पूर्वअटींवर केंद्रित करणे हिताचे ठरते.

३. स्पर्धेला मान्यता देणाऱ्या संस्थेने संपूर्ण रकमेची ठेव किंवा खेळाडूंच्या लाभासाठी वटविता येणारी हमी ही मान्यतेची अट करावी. मान्यता शुल्क स्वीकारणाऱ्या संस्थेने थकबाकीच्या वेळी तो खेळाडू व संघमालक यांच्यातील खासगी प्रश्न असल्याचे सांगणे समर्थनीय नाही.

४. संघटना मंडळापासून स्वतंत्र असावी आणि तिने सर्वांत दुर्बल सदस्याच्या संरक्षणाची तजवीज करावी. तारांकित खेळाडूंनी स्वतःपुरती आगाऊ रक्कम मिळवून घेतल्यास सामूहिक मागणीचा पाया खचतो.

एफ्रेन रेयेस यांच्यासारख्या श्रेष्ठ खेळाडूलाही जाहीर झालेले बक्षीस वेळेवर मिळाले नाही. कौशल्य कितीही उच्च असले तरी ते देणे वसूल करण्याचे साधन होऊ शकत नाही, हे यातून दिसते. बक्षिसाचा आकडा जाहीर करणाऱ्या प्रत्येक आयोजकाला 'ही रक्कम आज कोठे ठेवली आहे?' असा प्रश्न विचारण्याची प्रथा पडली, तर थकबाकीचे बहुतेक वाद उद्भवण्यापूर्वीच मिटतील. हा प्रश्न एकट्या खेळाडूने विचारल्यास त्याला वगळले जाते. सर्वांनी मिळून विचारल्यास त्याचे उत्तर द्यावे लागते.